पुला अरीनातली मैफल: मध्यांतरानंतर आवाज अचानक सुधारला, असं का?

सायंतारा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्रोएशियात होतो. मी, नवरा आणि सासूबाई. इस्त्रियाच्या दक्षिण टोकाला पुला नावाचं बंदराचं गाव आहे. तिथलं पहिल्या शतकातलं रोमन अ‍ॅम्फिथिएटर अजून उभं आहे आणि उन्हाळ्यात त्यात मैफली होतात. दिवसा तिकीट काढून आत फिरलो होतोच, पण रात्रीचं बघायचं म्हणून एका मैफलीचीही तिकिटं काढली. चार व्हायोलिनं, दोन चेलो आणि एक गायिका.

वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. एकच सांगते. समुद्राकडच्या भिंतीला कमानींच्या दोन रांगा आहेत. सूर्य खाली गेला की एकेका कमानीतून उजेडाचा तुकडा आत पडतो आणि समोरच्या माणसांच्या अंगावरून हळूहळू वर सरकतो. मी पहिली दोन गाणी तेच बघत होते.

आता प्रश्न. मैफल साडेआठला सुरू झाली. पहिल्या भागात गायिकेचे शब्द फुटत नव्हते. गाणी बरीचशी इंग्रजी होती, तरी 'स', 'श', 'त' गिळल्यासारखे. व्हायोलिनला धार नाही, चेलो मात्र भरपूर. नऊ-वीसला मध्यांतर झालं. पावणेदहाला पुन्हा सुरू झालं तेव्हा तीच जागा, तीच माणसं, तेच स्पीकर आणि आवाज एकदम धुतल्यासारखा स्वच्छ! गज तारेवर टेकल्याचंसुद्धा कळत होतं.

नवऱ्याचं म्हणणं, साउंडवाल्याला कुणीतरी मध्यांतरात झापलं असणार. मला ते पटत नाही. आम्ही डोंगराच्या बाजूच्या दगडी पायऱ्यांवर बसलो होतो, रंगमंचापासून साठेक मीटरवर. कुणाला काही सुचतंय का?

नकाशेवाला

वा, पुला! दोन हजार वर्षं जुनी वास्तू आणि प्रश्न स्पीकरचा :)

उत्तर माझ्याकडे नाही, पण थोडी भर घालतो. हे लंबवर्तुळ साधारण १३२ बाय १०५ मीटरचं आहे. भिंत सर्वांत उंच जागी बत्तीस मीटरच्या आसपास. बांधकाम उतारावर असल्यामुळे समुद्राकडे तीन मजले आणि डोंगराकडे दोनच. बाहेरून भिंत इतकी अखंड दिसते की आत शिरल्यावर धक्का बसतो, कारण बसायच्या जागा जवळपास सगळ्या गायब. शतकानुशतकं लोकांनी आतला दगड काढून नेला. शेवटचा नेला तो १७०९ मध्ये, तिथल्याच कॅथेड्रलच्या घंटाघराच्या पायासाठी.

आणि हे सगळंच जायचं होतं! १५८३ मध्ये व्हेनिसच्या सिनेटमध्ये प्रस्ताव आला की ही वास्तू दगड न् दगड सुटी करून व्हेनिसला आणून परत उभारावी. गाब्रिएले एमो नावाच्या सिनेटरने विरोध केला आणि बेत बारगळला. एका मनोऱ्यावर त्याच्या आभाराची शिळा आहे, दिवसा गेलात तर बघा. भिंतीला असे चार मनोरे आहेत. त्यांच्या माथ्यावर पाण्याच्या टाक्या होत्या, प्रेक्षकांवर सुगंधी पाणी शिंपडायला.

अर्धवट_अभ्यासू

एक किरकोळ दुरुस्ती, राग नसावा. 'अ‍ॅम्फी' म्हणजे दोन्ही बाजूंनी. अ‍ॅम्फिथिएटर म्हणजे चहूबाजूंनी बसायची सोय असलेलं रिंगण, झुंजी बघायला. ग्रीकांचं नाटकाचं ते अर्धवर्तुळाकार थिएटर. हल्ली दगडी पायऱ्या दिसल्या की सरसकट अ‍ॅम्फिथिएटर म्हणतात.

ही नुसती शब्दांची काथ्याकूट नाही. अर्धवर्तुळ ऐकण्यासाठी बांधलं, लंबवर्तुळ बघण्यासाठी. ग्लॅडिएटरचे शब्द कुणाला ऐकायचे होते? त्यामुळे पुलात आवाज वाईट असणं स्वाभाविक आहे.

सायंतारा

@अर्धवट_अभ्यासू, राग कसला. पण मग पावणेदहानंतर चांगला कसा झाला? भिंत तर तीच होती.

कोपऱ्यातली_जागा

आम्ही पुढच्या महिन्यात जातोय. दगडावर बसायला उशी न्यावी का?

वारा_आणि_शीड

मी त्या भागात शिडाच्या बोटीवर दोन उन्हाळे काढलेत. कारण सरळ आहे: वारा.

तिकडे उन्हाळ्यात दिवसा वायव्येकडून समुद्रावरचा वारा वाहतो, त्याला माएस्त्राल म्हणतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा जागा भरायला येते. सूर्य बुडाला की माएस्त्राल पडतो, अगदी घड्याळ लावावं तसा. तुमची पहिली फेरी वाऱ्यात झाली, दुसरी पडलेल्या हवेत. वारा आवाजाला वाकवतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वळतो, विरुद्ध जाणारा वर उचलला जातो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो.

शिवाय सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते. तेव्हाही आवाज खाली वळतो. म्हणून संध्याकाळी पाण्यापलीकडच्या होडीतलं बोलणं इकडच्या काठावर ऐकू येतं. केस बंद.

ध्वनिवेडा

केस उघडी ठेवा, शीडसाहेब :)

मी बावीस वर्षं साउंडचं काम करतो, त्यातली निम्मी उघड्यावर. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, पण ते शेकडो मीटरच्या अंतराचं. साठ मीटरवर, तेही स्पीकर उंच टांगलेले आणि माणसं पायऱ्यांवर चढत्या क्रमाने बसलेली असताना, वाकण्याचा परिणाम फार होत नाही. झुळका आल्या की आवाज क्षणभर 'वाहून' गेल्यासारखा वाटतो, पण तो येतो-जातो. पन्नास मिनिटं सलग 'स' गायब करत नाही.

अभ्यासू म्हणतात त्या भिंतीचा हिशोब करू. वीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. तुमच्या मागे चाळीस मीटरवर भिंत असेल तर आवाज जाऊन परत येईपर्यंत ऐंशी मीटर जादा चालतो, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. एवढ्या उशिराने आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. पण त्या भिंतीला कमानींची भोकं आहेत, बराच आवाज बाहेरच निघून जातो. आणि ताईंनी म्हटल्याप्रमाणे भिंत मध्यांतरात हलली नाही.

साउंडवाल्याला झापलं असेल ही शक्यता मी नाकारत नाही. आम्ही तेवढ्यासाठीच असतो.

पण मला एक सांगा सायंताराताई, पहिल्या भागात शांत जागी, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये, काय ऐकू येत होतं?

गोष्टीवेल्हाळ

धागा वाचून हात शिवशिवले. पुला पाहिलेलं नाही, पण इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये पोर्थकर्नोला मिनॅक थिएटर आहे, तिथे गेलो होतो. ते रोमन दिसतं पण आहे विसाव्या शतकातलं. रोवेना केड नावाच्या बाईंच्या बागेच्या टोकाला कडा होता. गावातल्या हौशी मंडळींना नाटक करायला जागा हवी होती, तर बाईंनी माळ्याला हाताशी धरून कड्यावर पायऱ्या कोरायला घेतल्या. १९३२ मध्ये पहिला प्रयोग, 'टेम्पेस्ट'. वादळाचं नाटक आणि मागे खरा अटलांटिक! दिव्यांची सोय म्हणून मोटारींचे हेडलाइट लावले होते.

पुढे सिमेंटच्या बैठका केल्या. वाळू खालच्या किनाऱ्यावरून वर वाहून आणायची. ओल्या सिमेंटवर बाई जुन्या स्क्रूड्रायव्हरने नक्षी आणि नाटकांची नावं कोरायच्या. १९८३ मध्ये, ८९व्या वर्षी गेल्या, तोवर काम चालूच होतं. मी बसलो त्या बैठकीवरच्या नक्षीत बोट फिरवलं तर रेषेत एक छोटा शिंपला रुतलेला लागला. किनाऱ्यावरच्या वाळूबरोबर आलेला. नाटक कुठलं होतं ते आता धूसर झालंय, शिंपला लक्षात आहे.

अवांतर: त्याच पोर्थकर्नोच्या वाळूतून १८७० मध्ये समुद्राखालची तार निघाली, जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन करत मुंबईपर्यंत. थिएटरजवळच त्याचं संग्रहालय आहे. ते सोडू नका.

मूळ मुद्दा: तिथे लाटांची गाज सतत असते. नट माईकवर होते तरी भरतीच्या वेळी पहिली दहा मिनिटं कान लावून ऐकावं लागलं. मग सवयीने ऐकू यायला लागलं की काय, देव जाणे. सायंतारा, तुमच्याकडे लाटा?

सायंतारा

लाटा नाहीत. अरीनासमोर रस्ता आणि बाग आहे, पलीकडे बंदर. बंदर आत शिरलेलं असल्यामुळे पाणी तळ्यासारखं. अंधार पडल्यावर जहाजं बांधायच्या जुन्या कारखान्याच्या क्रेन रंगीत दिव्यांनी उजळतात, २०१४ पासून असं करतात म्हणे. सुंदर दिसतं, पण आवाज नाही.

@ध्वनिवेडा, दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या :) खरं सांगायचं तर आठवत नाही. पाकोळ्या ओरडत फिरत होत्या कमानींवरून, ते आठवतंय. बाकी एक उन्हाळी गजबज असते ना, तशी.

हो, एक झालं. सासूबाई श्रवणयंत्र लावतात. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं. म्हणाल्या, "यात शिट्टी वाजतेय, बिघडलंय." मी नवं यंत्र म्हणून चिडले होते जरा. मध्यांतरानंतर परत लावलं तर म्हणाल्या, आता ठीक आहे.

ध्वनिवेडा

अहो ताई, हे आधी सांगायचं ना!

कोपऱ्यातली_जागा

उशीचं कुणी सांगेल का?

जुनी_खुर्ची

ग्रीसमधल्या एपिडॉरसचा उल्लेख कसा नाही अजून? खरा आवाज ऐकायचा तर तिथे. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं, पंचावन्न ओळी, चौदा हजारांच्या आसपास माणसं. आमच्या गाइडने मधोमध नाणं टाकलं आणि आम्हाला वरच्या ओळीत ऐकू आलं. माईक नाही, स्पीकर नाही. आमचे पूर्वज... म्हणजे त्यांचे पूर्वज वेडे नव्हते.

अर्धवट_अभ्यासू

काका, नाण्याची गोष्ट जरा बेताने घ्या. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांडलं की चुनखडीच्या पायऱ्यांची रांग एखाद्या गाळणीसारखी चालते. सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज, म्हणजे वारा, लोकांची कुजबुज, दबतात आणि वरचे टिकतात. पण २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या मंडळींनी तिथे जाऊन प्रत्यक्ष मोजमाप केलं. नाणं पडल्याचं कळतं, पण ते नाणंच आहे हे ओळखू येतं ते साधारण निम्म्या ओळींपर्यंतच. कुजबुज तर पुढच्या ओळींच्या पलीकडे जात नाही.

जुनी_खुर्ची

मोजमापवाल्यांचे कान तपासा. मला ऐकू आलं होतं.

वारा_आणि_शीड

काका रॉक्स.

@ध्वनिवेडा, श्रवणयंत्राचं काय ते सांगा की. आम्ही ताटकळलोय.

ध्वनिवेडा

जेवत होतो.

वय झालं की बहुतेकांचं वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी कमी होतं. चेलो ऐकू येतो, 'स' ऐकू येत नाही. म्हणून श्रवणयंत्र साधारणपणे वरचा पट्टाच उचलून देतं, दोन-तीन हजार हर्ट्झपासून पुढचा. सासूबाईंच्या यंत्रात शिट्टी वाजत होती, याचा अर्थ त्या पट्ट्यात हवेत खरंच काहीतरी सतत वाजत होतं. तुमच्या कानांनी ते 'गजबज' म्हणून बाजूला टाकलं. यंत्राला बाजूला टाकता येत नाही.

आणि 'स', 'श', व्हायोलिनची धार, गज टेकल्याचा आवाज, हे सगळं त्याच पट्ट्यात राहतं. तिथे दुसरं कुणीतरी ठाण मांडून बसलं की हे सगळे झाकले जातात. चेलोचं घर खाली, त्याला काही होत नाही. तुमचं पहिलं वर्णन परत वाचा.

माझा संशय किड्यांवर आहे.

गोष्टीवेल्हाळ

रातकिडे? पण मग ते अंधार पडल्यावर वाढायला हवेत. ताईंचा आवाज तर अंधारात सुधारला.

ध्वनिवेडा

रातकिडे नव्हेत, सिकाडा. ते उन्हाचे गडी. भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठावर जून-जुलैत झाडं नुसती किरकिरत असतात. फक्त नर वाजवतात, पोटाच्या दोन्ही बाजूंना पडदे असतात ते ताडताड हलवून. त्यांना उष्णता लागते आणि उजेड लागतो. सूर्य गेला की थोड्या वेळात एकेक झाड बंद पडत जातं. तिकडच्या नेहमीच्या जातीचा जोर साधारण पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो.

जुलैच्या सुरुवातीला पुलात सूर्य नऊला तीन-चार मिनिटं असताना मावळतो. साडेआठ ते नऊ-वीस. बघा जमतंय का.

वारा_आणि_शीड

स्थानिक लोक त्यांना त्स्वर्चाक म्हणतात. आणि गंमत म्हणजे रातकिड्यालाही तोच शब्द. त्यामुळे गोष्टीवेल्हाळांचा गोंधळ तिथल्या माणसाचाही झाला असता. किनाऱ्यालगत नांगर टाकला की दुपारी झोप लागायची नाही त्यांच्यामुळे, हे मी विसरलोच होतो.

तरी एक अडचण आहे. माएस्त्रालही सूर्यास्तालाच पडतो, हवाही तेव्हाच उलटते आणि तुमचे किडेही तेव्हाच गप्प. तिन्ही संशयित एकाच वेळी खोलीबाहेर पडले. तुम्ही किड्यालाच का पकडताय?

ध्वनिवेडा

योग्य प्रश्न. वाऱ्याचा गोंगाट खालच्या पट्टीत असतो, माईकवर भुर्रर्र. तो चेलोच्या अंगावर आला असता, 'स'च्या नाही. पण हा तर्क झाला. पुरावा हवा.

सायंताराताई, मोबाइलवर काही रेकॉर्ड केलंय का? दोन्ही भागांतलं?

सायंतारा

गाण्यांचं करायला मनाई होती, आणि केलं असतं तरी इथे कबूल करणार नाही :) पण मैफल सुरू व्हायच्या आधी नवऱ्याने सगळीकडून कॅमेरा फिरवला होता, आणि मध्यांतर संपता संपता सासूबाई उजळलेल्या भिंतीसमोर उभ्या असल्याचा एक छोटा व्हिडिओ आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

कंटाळा_खूप

इतकं डोकं लावून गाणी ऐकता तुम्ही लोक? आम्ही गेल्या उन्हाळ्यात असल्याच एका समुद्राकाठच्या उघड्या थिएटरात गेलो होतो. तिसऱ्या गाण्याला पश्चिमेकडून ढग आले, पंधरा मिनिटांत धोधो. छत्री आत नेऊ देत नाहीत, मागच्यांना दिसत नाही म्हणून. कार्यक्रम बंद. पैसे मागितले तर आयोजकांनी तिकिटाच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं: कार्यक्रम सुरू झाला असेल तर परतावा नाही. तीन गाणी म्हणजे सुरू झाला.

वारा_आणि_शीड

त्या अचानक येणाऱ्या वादळाला एड्रियाटिकवर नेवेरा म्हणतात. दुपारी फार उकडत असेल आणि पश्चिमेला क्षितिजावर काळं दिसलं तर रेनकोट जवळ ठेवाच. परताव्याची अट तिकीट काढायच्या आधी वाचायची, ढग आल्यावर नाही.

नकाशेवाला

जाणाऱ्यांसाठी: क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि त्याच दिवसापासून चलन युरो. जुन्या लेखांत वेगळा व्हिसा आणि कुना असं वाचाल, ते विसरा. अरीना दिवसा संग्रहालय म्हणून उघडं असतं, तळघरात प्राचीन काळच्या ऑलिव्ह तेलाचं आणि वाईनचं प्रदर्शन आहे. जुलैमध्ये तिथेच १९५४ पासून चालत आलेला चित्रपट महोत्सव असतो, त्या दिवसांत राहायची सोय आधी बघा.

ध्वनिवेडा

व्हिडिओ बघितले. म्हणजे ऐकले, आणि कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेखही काढला.

पहिला, आठ-बावीसचा. लोकांच्या बोलण्याच्या वर, पाच हजाराच्या जरा खाली, एक जाड पट्टा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका सेकंदाचाही खंड नाही. कॅमेरा डोंगराकडे, झाडांकडे वळतो तेव्हा पट्टा आणखी गडद होतो. तुमचे यजमान मधे म्हणतात, "किती शांत आहे ना इथे." ते ऐकून मी खुर्चीवरून पडलो.

दुसरा, नऊ-एकेचाळीसचा. पट्टा नाही. एकच एकटा किडा दूर कुठेतरी दोनदा चिरकून गप्प होतो. वाऱ्याची खालची भुरभुर मात्र दोन्हींत जवळपास सारखीच आहे, सॉरी शीडसाहेब.

साउंडवाला निर्दोष असेलच असं नाही. मी असतो तर पहिल्या भागात तो पट्टा थोडा उचलून दिला असता. पण त्याच्या मिक्सरची जागा खाली मधोमध असणार, झाडांपासून सर्वांत लांब. तुम्ही बसला होतात झाडांच्या बाजूच्या पायऱ्यांवर. त्याला कदाचित ते ऐकूच आलं नसेल.

वारा_आणि_शीड

मान्य. शीड उतरवलं.

अर्धवट_अभ्यासू

म्हणजे दगडी पायऱ्यांपेक्षा खाली रिंगणात खुर्च्या असतात त्या घ्याव्यात?

सायंतारा

खाली घेतल्या असत्या तर कमानीतून सरकणारा उजेड दिसला नसता. मी परत पायऱ्यांवरच बसेन.

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. यंत्र दुरुस्तीला टाकायचं मी परस्पर ठरवून ठेवलं होतं, ते रद्द. त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि चहा मागितला.

@कोपऱ्यातली_जागा, तुमचं राहूनच गेलं, माफ करा. उशी न्याच. दगड दिवसभर तापलेला असतो, साडेआठला बसलात तर चक्क गरम लागतो, साडेदहाला गार. आम्ही दोन नेल्या होत्या तिघांत, एक निळी तिथेच विसरलो. पायऱ्यांवर डावीकडून सहाव्या ओळीत. दिसली तर वापरा.